झेड ९०० घ्यायची की स्ट्रीट ट्रिपल? पैसे भरण्याआधी करायची तुलना

कावासाकी झेड ९०० आणि ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ या दोन नेकेड, म्हणजे इंजिनावर आवरण नसलेल्या, बाइकमध्ये अडकलेले अनेक जण भेटतात. दोन्हींची किंमत दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे, ताकद सव्वाशे पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास आणि टायरचे आकारही सारखेच, पुढे १२०/७० आणि मागे १८०/५५. माहितीपत्रक समोर ठेवलं की निर्णय रंगावर आणि आवाजावर येऊन थांबतो. प्रत्यक्षात या दोन गाड्या स्वभावाने फार वेगळ्या आहेत. तो फरक खरेदीनंतर महिन्याभरात कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. त्यासाठी दोन सुट्टीचे दिवस, हवा मोजायचं गेज, मोजपट्टी आणि वही एवढं पुरतं.

आकडे वाचताना काय बघायचं

झेड ९०० चं इंजिन ९४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद सुमारे १२५ पीएस ९,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, ९८.६ एनएम (न्यूटन-मीटर) ७,७०० आरपीएमला. वजन पेट्रोलसकट २१२-२१३ किलो, टाकी १७ लिटरची. स्ट्रीट ट्रिपलचं इंजिन ७६५ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २०२३ च्या मॉडेलपासून आर या प्रकाराला १२० पीएस आणि आरएसला १३० पीएस मिळतात, टॉर्क दोन्हींचा ८० एनएम, तोही ९,५०० आरपीएमला. वजन आरचं १८९ किलो, आरएसचं १८८, टाकी १५ लिटरची. मोटो-२ या जागतिक बाइक शर्यतींना २०१९ पासून याच ७६५ इंजिनाची शर्यतीसाठी तयार केलेली आवृत्ती पुरवली जाते, त्यामुळे वरच्या आरपीएमला हे इंजिन खुलतं हे ओघानेच आलं.

आता एक छोटा हिशेब करा. एनएमला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागलं की त्या क्षणाची ताकद पीएसमध्ये मिळते. झेड ९०० साठी ९८.६ गुणिले ७,७०० भागिले ७,०२४, म्हणजे १०८ पीएस. स्ट्रीट ट्रिपलसाठी ८० गुणिले ९,५०० भागिले ७,०२४, म्हणजे पुन्हा १०८ पीएस. दोन्ही इंजिनं आपापल्या सर्वाधिक टॉर्कला बरोबर तेवढीच ताकद देतात, फक्त एक ७,७०० ला आणि दुसरं ९,५०० ला. झेड ज्या ७,७०० आरपीएमला १०८ पीएस देते, तिथे ट्रिपल फार तर ८८ पीएस देऊ शकते, कारण ८० एनएमच्या वर तिचा टॉर्क जातच नाही.

सगळी तुलना या अठराशे आरपीएमच्या फरकात आहे. महामार्गावर ८० च्या वेगाने सहाव्या गिअरमध्ये जाताना दोन्ही इंजिनं चार हजार आरपीएमच्या अलीकडे-पलीकडे फिरत असतात. तिथून ट्रक ओलांडायचा झाला तर झेडवर मूठ पिळली की काम होतं. ट्रिपलवर एक गिअर पाडला तर तसाच जोर मिळतो, दोन पाडले तर झेडच्या पुढेही जाईल. गिअर पाडण्यात मजा वाटणाऱ्याला ही अडचण वाटणारच नाही. ज्याला सहाव्यात टाकून शांत जायचं आहे, त्याला ट्रिपल आळशी वाटेल आणि तो उगाच गाडीला दोष देईल.

वजनाचाही हिशेब स्वारासकट करा. तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बुटांसह ८० किलोचे असाल तर झेडचं एकूण वजन २९३ आणि ट्रिपल आरचं २६९. प्रत्येक किलोमागे झेड ०.४३ पीएस देते, आर ०.४५, आरएस ०.४९. टॉर्क मात्र झेडचा किलोमागे ०.३४ एनएम आणि ट्रिपलचा ०.३०. म्हणजे इंजिन रडवलं, वरच्या आरपीएमला पळवलं, तर ट्रिपल पुढे, न रडवता चालवलं तर झेड पुढे. मागे ६० किलोचं माणूस बसवून हेच गणित पुन्हा करा. जोडीने फिरणाऱ्यांचं पारडं झेडकडे का झुकतं ते कळेल.

चेसिसचे, म्हणजे सांगाड्याचे, दोन आकडे महत्त्वाचे आहेत: व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, आणि ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथे मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ट्रिपल आरचा व्हीलबेस १,४०२ मिमी आणि ट्रेल ९७.८ मिमी, झेडचा व्हीलबेस सुमारे १,४५० मिमी आणि ट्रेल १०० च्या पुढे. व्हीलबेस आणि ट्रेल कमी असले की बाइक पटकन कलते, वळणात दिशा बदलायला कमी जोर लागतो. ते जास्त असले की सरळ रस्त्यावर, बाजूच्या वाऱ्यात आणि ट्रकच्या झोतात गाडी निवांत राहते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात हा फरक पहिल्या पाच वळणांत कळतो. कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावर तो उलट बाजूने कळतो.

कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षाचं

झेड ९०० च्या बाबतीत वर्ष विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१७ ते २०१९ च्या गाड्यांना ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरून घसरू न देणारी यंत्रणा) नाही. २०२० पासून ट्रॅक्शन कंट्रोल, पॉवर मोड (ताकद कमी-जास्त करायचे पर्याय) आणि रंगीत टीएफटी मीटर आला, पण अ‍ॅक्सिलरेटर केबलचाच राहिला, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) नव्हता आणि एबीएसला गाडी कललेली आहे की सरळ हे कळत नव्हतं. २०२५ च्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, दोन्ही दिशांचा क्विकशिफ्टर, क्रूझ कंट्रोल, पुढे रेडियल ब्रेक कॅलिपर आणि आयएमयू म्हणजे गाडीचा कल मोजणारा सेन्सर आला. हा बदल मोठा आहे. २०२४ ची शिल्लक गाडी सवलतीत मिळत असेल तर सवलतीची रक्कम या यादीसमोर ठेवून बघा. पावसाळ्यात घाटात चालवणाऱ्याने आयएमयूचे पैसे वाचवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ओल्या वळणात घाबरून ब्रेक दाबला गेला तर साधा एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ब्रेकचा जोर कलानुसार कमी-जास्त करत नाही. त्यामुळे गाडी उभी होऊन वळणाच्या बाहेर जाते.

२०२३ पासूनच्या स्ट्रीट ट्रिपलला आर आणि आरएस दोन्हींमध्ये आयएमयू आणि क्विकशिफ्टर आहे. आरएसला वर ओहलिन्सचा मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेम्बो स्टायलेमा ब्रेक कॅलिपर, पाच इंची टीएफटी, ट्रॅक मोड आणि पिरेली सुपरकोर्सा टायर मिळतात. हे टायर कोरड्या ट्रॅकसाठी बनलेले आहेत. रोजच्या वापरात ते लवकर झिजतात, थंड आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड उशिरा येते. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा गोव्यात चालवणाऱ्याला आरएस घेतल्याबरोबर टायर बदलायचा विचार करावा लागतो. वर्षातून एक-दोनदा चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाणार असाल तरच आरएसचे जादा पैसे वसूल होतात. रस्त्यासाठी आर पुरेशी आहे, पुरून उरते. म्हणून पुढची सगळी तुलना आरशी केली आहे.

शोरूममधली पहिली फेरी: नुसतं बसणं

टेस्ट राइडच्या आधी दोन्ही गाड्यांवर किमान पंधरा-पंधरा मिनिटं बसा, घरून निघतानाच रायडिंगचे बूट आणि जॅकेट घालून. सीटची उंची झेडची मॉडेलनुसार ८२० ते ८३० मिमी, ट्रिपल आरची ८२६. आकडे सारखे दिसले तरी ट्रिपल मांड्यांमध्ये अरुंद आहे, त्यामुळे पाय जमिनीवर जास्त टेकतो. पावणेसहा फुटांपेक्षा कमी उंची असलेल्यांनी हे स्वतः बसूनच ठरवावं. दोन्ही पावलांचे चवडे पूर्ण टेकले तरी चालतं. एका पायाची फक्त बोटं टेकत असतील तर उतारावरच्या सिग्नलला त्रास होईल. ट्रिपलला कमी उंचीची सीट वेगळी विकत मिळते, ती लावून दाखवायला सांगा.

मग इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून उभी करा, पाच पावलं मागे ढकला आणि हँडल पूर्ण वळवून एका बाजूला फिरवा. २४ किलोचा फरक इथे अंगावर येतो. सोसायटीचं पार्किंग उतारावर असेल, किंवा दोन गाड्यांमधून बाइक काढावी लागत असेल, तर ही चाचणी टेस्ट राइडइतकीच मोलाची आहे. मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या. दोन्ही गाड्यांची मागची सीट छोटी आहे आणि पकडायला धड दांडा नाही. दहा मिनिटं बसल्यावर गुडघे किती दुमडतात ते त्यांनाच विचारा.

टेस्ट राइड: एकच दिवस, एकच रस्ता

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, लागोपाठ आणि त्याच रस्त्यावर चालवा. पंधरा दिवसांच्या अंतराने चालवलेल्या दोन गाड्यांची तुलना आठवणीवर होते आणि आठवणीत आवाज तेवढा राहतो. आधी शोरूमला विचारून ठेवा: गाडीचा विमा चालू आहे का, टेस्ट राइडमध्ये गाडी पडली तर खर्च कुणाचा, किती किलोमीटर नेऊ देतील. ‘समोरच्या चौकातून यू-टर्न’ एवढीच परवानगी मिळत असेल तर दुसरं शोरूम शोधा. दहा लाखांच्या वस्तूसाठी वीस-पंचवीस किलोमीटर मागणं गैर नाही.

निघण्याआधी टायरमधली हवा स्वतः मोजा. झेड ९०० ला थंड असताना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लागते. ट्रिपलचा आकडा तिच्या पुस्तिकेत बघून घ्या. डेमो गाड्यांमध्ये हवा बहुतेक वेळा चुकीची असते. पुढच्या टायरमध्ये २८ पीएसआय असेल तर सर्वांत चपळ गाडीही वळणात जड वाटते, आणि खरेदीदार ‘हिचं हँडल जड आहे’ म्हणून दुसरीकडे जातो. जादा हवा असेल तर खड्ड्यांत दणके बसतात आणि दोष सस्पेन्शनच्या नावावर जातो.

रस्ता असा निवडा की त्यात चार गोष्टी येतील: गर्दी, खराब डांबर, मोकळा सरळ पट्टा आणि थोडी वळणं. पुण्यात चांदणी चौकातून पौड रस्त्याने मुळशीच्या दिशेला हे चारही मिळतं. ठाण्याकडच्यांना घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि कोस्टल रोडवर दुचाकींना बंदी आहे. तेव्हा मुंबईकरांनी आपल्या रोजच्या वापरात मोकळा रस्ता नक्की किती येतो हे प्रामाणिकपणे मोजावं.

पहिली पाच मिनिटं रोड मोडमध्ये, फक्त ओळख करून घ्या. दोन्ही बाइक पहिल्या गिअरमध्येच ८० च्या पुढे जातात. आपल्याकडे चार पदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादाच ८० आहे. आधीची बाइक चाळीस-पंचेचाळीस पीएसची असेल तर मनगटाला सवय होईपर्यंत रेन मोडही वापरायला हरकत नाही.

गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगाने जा, मूठ पूर्ण सोडा आणि पुन्हा हळूच उघडा. गाडी झटका देते का? रोज शंभर वेळा होणारी ही क्रिया आहे. झटका बसत असेल तर चेन सैल आहे का ते आधी बघा, नसेल तर तो इंधन नियंत्रणाचा स्वभाव समजा. केबल थ्रॉटलच्या आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या झेडमध्ये इथे फरक जाणवतो.

उष्णता तपासायला दुपारची वेळ निवडा. वीस मिनिटं चालवून झाल्यावर सावली नसलेल्या जागी इंजिन चालू ठेवून पंखा सुरू होईपर्यंत थांबा, मग आणखी दोन मिनिटं. गरम हवा नडगीवर येते की मांडीवर, उजव्या बाजूला जास्त की दोन्हीकडे सारखी, हे लिहून ठेवा. साध्या जीन्समध्ये सहन होतं आणि रायडिंग पँटमध्येही होतं, अशी खात्री दोन्हीसाठी वेगळी करा. चार सिलिंडरचं ९४८ सीसी इंजिन रुंद असल्यामुळे मांड्यांच्या आतल्या बाजूला जास्त जागा तापते. हिंजवडीला रोज जाणाऱ्याने हा मुद्दा पहिल्या तीनांत ठेवावा.

मोकळ्या पट्ट्यावर एक नेमकी चाचणी घ्या. चौथ्या गिअरमध्ये ४० वर स्थिर व्हा, मूठ अर्धी उघडा, ८० येईपर्यंत मनात सेकंद मोजा. मग तेच सहाव्यात. दोन्ही गाड्यांवर प्रत्येकी दोनदा. वर जो हिशेब केला तो इथे शरीराला पटतो, आणि ‘मला कुठला जोर आवडतो’ याचं उत्तर याच चाचणीत मिळतं. मागे पुढे वाहन नसताना ५० वरून दोनदा ब्रेक घट्ट दाबा. लिव्हर दोन बोटांनी पुरतो का, पहिल्या इंचातच पकडतो की खोल गेल्यावर, आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, एकदम बसतो की सावकाश, हे बघा. क्विकशिफ्टर दोन वेगवेगळ्या आरपीएमला तपासा. पाच-सहा हजारांना तो नीट चालतो, अडीच हजारांना रेंगाळत गिअर बदलला तर कुठलाही क्विकशिफ्टर धक्का देतो, तो बिघाड नव्हे.

खराब रस्त्यावर मागचा शॉक सर्वांत जास्त बोलतो. गतिरोधकावरून ३० ने गेल्यावर गाडी एकदा बसून उठली पाहिजे. दोनदा डुलली तर रिबाउंड डॅम्पिंग (दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवरणारा रोध) कमी आहे, कंबरेला दणका बसला तर स्प्रिंग कडक किंवा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) जास्त आहे. ५५-६० किलोच्या माणसाला झेडची मागची बाजू कडक वाटण्याची शक्यता जास्त. झेडच्या पुढच्या फोर्कला प्रीलोड आणि रिबाउंड बदलता येतं, ट्रिपल आरला त्यात कॉम्प्रेशनही (दबतानाचा रोध) मिळतं. झेडच्या पोटाखाली सुमारे १४५ मिमी जागा असते. दोघं बसून गावातल्या उंच, न रंगवलेल्या गतिरोधकावर ती कमी पडू शकते, तेव्हा मागे माणूस बसवून एखादा तसा गतिरोधक मुद्दाम घ्या.

सॅग मोजणं

अनेक जण हा भाग सोडून देतात, आणि मग ‘कंबर दुखते’ म्हणून वर्षभरात बाइक विकतात. सॅग म्हणजे स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. शोरूम तयार असेल तर डेमो गाडीवर दहा मिनिटांत होतं, नाहीतर डिलिव्हरीनंतर पहिल्या आठवड्यात करा. तीन माणसं लागतात.

एकाने साइड स्टँडवर गाडी कलवून मागचं चाक जमिनीवरून उचलून धरायचं. दुसऱ्याने मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते ५६० मिमी आलं. मग तुम्ही पूर्ण साहित्यासह गाडीवर बसा, पाय फूटपेगवर, एक जण पुढून हँडल धरून. गाडी दोनदा दाबून सोडा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. ५२७ आलं तर सॅग ३३ मिमी. रस्त्यासाठी ३० ते ३५ मिमी योग्य. ४५ आलं तर प्रीलोड वाढवा, २२ आलं तर कमी करा. शेवटी स्वार उतरवून नुसत्या गाडीच्या वजनाने किती बसते तेही बघा. स्वारासकट सॅग बरोबर पण नुसती गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोडने ती फक्त दाबून धरली आहे. अशा वेळी स्प्रिंग बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

खरा खर्च

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींना ४० टक्के जीएसटी लागतो. त्याआधी उपकर धरून तो ३१ टक्के होता. म्हणून जुन्या परीक्षणांत दिसणारे भाव सुमारे सात टक्क्यांनी वाढवून वाचा, किंवा सरळ आजचं कोटेशन घ्या. त्यावर महाराष्ट्रात ३०० सीसीच्या वरच्या दुचाकीला १२ टक्के रस्ता कर. शोरूम किंमत दहा लाख धरली तर कर १ लाख २० हजार. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ३५० सीसीच्या वर तो १५,११७ रुपये, जीएसटी धरून १७,८३८. गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. इथे शोरूमच्या कोटेशनवर थांबू नका, दोन विमा कंपन्यांचे दर बाहेरून मागवा. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता सुट्या भागांची भरपाई) घ्याच, कारण या गाड्यांचे प्लास्टिकचे भाग आणि हेडलाइट महाग असतात. ट्रिपलचा पुढचा दिवा नुसता बदलायचा झाला तर काय लागेल, हे सुटे भाग देणाऱ्या काउंटरवर विचारा. झेडचंही विचारा.

बिलाची रक्कम दहा लाखांच्या वर गेली तर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वजा करून घेता येतो. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा.

चालवण्याच्या खर्चात पेट्रोल सर्वांत कमी महत्त्वाचं आहे. झेड शांत हाताने लिटरला १७ च्या आसपास देते, ट्रिपल थोडी जास्त. १७ आणि १५ लिटरच्या टाकीतून अडीच लिटर राखीव धरलं तर दोन्हीची मजल २३०-२४५ किलोमीटरच्या जवळपासच येते. खरा पैसा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि सर्व्हिसमध्ये जातो. चांगल्या स्पोर्ट-टूरिंग टायरच्या जोडीला तीस हजारांच्या वर सहज लागतात. मागचा टायर आधी जातो, तोही मधून सपाट होऊन, कारण आपला बहुतेक प्रवास सरळ असतो. स्ट्रीट ट्रिपलची सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा. दोन्ही शोरूमकडून तीन गोष्टी लेखी घ्या: पहिल्या तीन सर्व्हिसचा अंदाजे खर्च मजुरीसह, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या झडपांची फट) किती किलोमीटरला तपासतात आणि त्याला काय लागतं, आणि क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, रेडिएटर हे तीन भाग साठ्यात आहेत का. रेडिएटर महिनाभर येणार नसेल तर एका दगडाने बाइक महिनाभर उभी राहते. कुठलीही घ्या, रेडिएटर गार्ड पहिल्याच दिवशी बसवा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे हेही या हिशेबातच धरा. पुण्या-मुंबईत प्रश्न नाही. नांदेड, चंद्रपूर, रत्नागिरीकडच्यांना प्रत्येक सर्व्हिसला दोन दिवस आणि एक मुक्काम लागू शकतो. दोन सारख्या वाटणाऱ्या गाड्यांत एवढ्या एका कारणावरून निवड केली तरी ती चुकीची ठरत नाही.

जुनी घेत असाल तर

जुन्या बाजारात झेड ९०० भरपूर दिसते, स्ट्रीट ट्रिपल कमी. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, इंजिन थंड हवं. हात लावून खात्री करा. थंड इंजिनाची सुरुवातीची खडखड, धूर आणि अस्थिर आयडलिंग गरम झाल्यावर लपतं.

पडलेली गाडी ओळखायला हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटपेग आणि इंजिनाच्या बाजूची झाकणं बघा. हे सगळे भाग नवे कोरे आणि बाकी गाडी तीन वर्षं जुनी दिसत असेल तर विचारा का. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचा अडथळा, म्हणजे हँडल जिथे टेकतं ती गाठ, बघा. तिथे चेपलेली किंवा रंग उडालेली खूण असेल तर पुढून जोरात धडक झालेली असू शकते. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर स्टिअरिंग बेअरिंग गेलं आहे. फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेलाचा ओलावा म्हणजे सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच किमतीतून वजा करा.

टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलायचा म्हणूनच धरा. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदललेलं हवं. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तर तिथल्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा कर हे तिन्ही किमतीत मिळवा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते. इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवर विसंबू नका. पेट्रोल पंपांवर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, तेव्हा जुन्या गाडीला ते चालतं का हे पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर बघा.

निवड

महामार्गावर लांब पल्ला, मागे नेहमी कुणीतरी, सतत गिअर बदलायचा कंटाळा आणि सपाट प्रदेश असेल तर झेड ९००, तीही २०२५ ची किंवा त्यानंतरची. रविवारी पहाटे घाट, बहुतेक वेळा एकटे, उंची मध्यम, पार्किंग अरुंद आणि इंजिन वर नेऊन चालवायची हौस असेल तर स्ट्रीट ट्रिपल आर. ताकदीच्या आकड्यावरून आरएस घेऊ नका. ते वरचे दहा पीएस १२,००० आरपीएमला मिळतात, आणि रस्त्यावर तिथे जाण्याचं काही कारण नाही.

डिलिव्हरी आणि पहिले दीड हजार किलोमीटर

पैसे पूर्ण भरण्याआधी नेमकी तुमची गाडी दिवसाउजेडी बघा. पाटीवरचा उत्पादनाचा महिना, टायरचे शिक्के, मीटरवरचे किलोमीटर, टाकीच्या कडांवरचे ओरखडे, दोन्ही किल्ल्या आणि टूल किट तपासा. गाडी आठ-दहा महिने गोदामात उभी असेल तर बॅटरीचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला सांगा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास हवं, १२.२ असेल तर नवी बॅटरी मागा. नव्या गाडीत हवा अनेकदा जास्त भरलेली असते, घरी नेण्याआधी ती बरोबर करून घ्या. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर सावकाश कलवा, ओल्या रस्त्यावर तर अजिबात घाई नको.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या काळात, आरपीएमची मर्यादा दोन्हींच्या पुस्तिकांत टप्प्याटप्प्याने दिलेली आहे, सुमारे पहिल्या दीड हजार किलोमीटरसाठी. एकाच वेगाने महामार्गावर तासभर चालवण्यापेक्षा गिअर बदलत, चढ-उताराच्या रस्त्यावर चालवणं इंजिनाला चांगलं. हजार किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला ऑइल-फिल्टरबरोबर चेनचा ताण, स्टिअरिंग बेअरिंगचा घट्टपणा आणि चाकांच्या अ‍ॅक्सलचे नट टॉर्क रेंचने तपासायला सांगा, आणि ही तिन्ही कामं जॉबकार्डवर लिहून त्यावर सही घ्या.